चिलखत्याचा काटा

तिला सगळे सुई म्हणत. तोंडावर सुईबाई, पाठीमागे नुसती सुई. एक तर गेली तीस वर्षं जाळी सांधायची बांबूची सुई तिच्या उजव्या हातातून सुटली नव्हती, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. तलावावर असा एकही माणूस नव्हता जो तिच्याकडून कधी ना कधी टोचून घेऊन गेला नव्हता. बर्फवाला म्हणायचा, सुईबाईशी चार शब्द बोलायचे असतील तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन यावं. तो हे तिच्यासमोरच म्हणायचा. तिच्या शेडच्या भिंतीला टेकून त्याचा बर्फ विकला जायचा, आणि रोज तिचा चहा पिणारा तो एकटाच होता. बाकीचे जाळं दारात टाकायचे आणि निघायचे.

शेड धक्क्याच्या टोकाला होतं, पत्र्याचं, मच्छीमारांच्या सोसायटीच्या मालकीचं. आत दोन खुंट्यांमध्ये जाळं ताणलेलं, खाली पाट, पाटाशेजारी दोऱ्याची रिळं, एक वाकड्या पात्याची लहान सुरी आणि कोपऱ्यात एक मोठा प्लास्टिकचा टब. सुरीबद्दल तलावावर एक कडक रिवाज होता. जाळ्याला सुरी लावायची ती फक्त जाळं सांधणाऱ्याने. नावेत कितीही गुंता होवो, मासा कितीही अडको, दोरा कापायचा नाही. भलतीकडे कापलेल्या दोऱ्याला बांधण्यापुरतं टोक उरत नाही आणि टोक नसलं की गाठ धरत नाही, हे खरं कारण. पण लोक ते देवाची आज्ञा असल्यासारखं पाळायचे. काढता न आलेला मासा जाळ्यासकट सुईच्या दारात येऊन पडायचा.

सगळ्यांत जास्त जाळी यायची ती तिच्या दिराची. दिराची आणि तिची गोष्ट अशी, की नाव मुळात दोघा भावांची होती. फळ्या थोरल्याने रंधल्या, सांधे धाकट्याने बुजवले. थोरला काविळीने गेला, आणि महिनाही उलटला नव्हता तेव्हा धाकट्याने नाव आपल्या दारासमोर नेऊन बांधली. सुई त्याच्याकडे गेली, चांगल्या शब्दांत बोलली, म्हणाली अर्धा वाटा माझा आहे. ती आयुष्यात चांगल्या शब्दांत बोलली तो बहुधा शेवटचा दिवस. धाकटा दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, नाव काय कलिंगड आहे, अर्धी कापून द्यायला?"

मागे त्याची बायको उभी होती. ती हसली. घाबरून हसली असेल, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून हसली असेल, पण हसली, आणि सुईने ते हसू जपून ठेवलं.

त्यानंतर अकरा वर्षं दीर-भावजय एकमेकांशी फक्त भोकांबद्दल बोलत होते. तो जाळं टाकायचा. ती खाली मान घालूनच विचारायची, भोकं किती? तो म्हणायचा बारा. ती म्हणायची मोजून घेते. मोजली की चौदा निघायची. कधी पंधरा. बारा म्हणून बाराच निघाली असं एकदाही झालं नाही. अकरा वर्षांत माणसाची मोजणी एकदा तरी चुकून बरोबर यायला हवी होती, पण धाकटा त्याही बाबतीत नेमाचा होता.

आणि मग सहा वर्षांपूर्वी तलावात चिलखत्या आला.

तो कुठून आला हे कोणी पाहिलं नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी म्हणे गावातल्या कुठल्याशा दवाखान्यात काचेच्या पेटीत बोटाएवढा मासा होता, पेटीचं शेवाळ चाटून साफ ठेवायचा. बोटाचा हात झाला, पेटी पुरेना, आणि एके दिवशी बादली तलावात पालथी झाली. खरं-खोटं तो दवाखाना जाणे. पण मासा आला तो एकटा आला नव्हता हे नक्की, कारण दोन वर्षांत ओढलेल्या प्रत्येक जाळ्यात दहा मासे असले तर सहा चिलखते असायचे.

नाव लोकांनीच ठेवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडाच्या पट्ट्या, कौलांसारख्या एकीवर एक. सुरी घातली तर सुरी सरकायची, सोटा घातला तर सोटा उडायचा. तोंड खालच्या बाजूला, गोल, ओठांची वाटी. ती दगडाला लावून चिकटला की दगड उचलला जायचा पण मासा सुटायचा नाही. पोटाकडे मात्र पट्ट्या नाहीत. खायला कोणी घेईना, कारण सोलायला अर्धा दिवस आणि आत मांस मूठभर. घारीसुद्धा दोन चोची मारून निघून जायची. पण या सगळ्याचं काही नव्हतं. खरा राग होता तो काट्यांचा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, खरबरीत, करवतीसारखे. जाळ्यात शिरला की तिन्ही काटे ताठ उभारायचा आणि ते कुलूप लागल्यासारखे तिथेच अडकायचे. मग ओढा, शिव्या द्या, काही करा.

तलावावर मासा सोडवायचा एकच नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आला त्या वाटेने काढा. मासा डोक्याने शिरतो म्हणून शेपटीला धरून मागे ओढायचा. आजोबांनी तसं काढलं, बापाने तसं काढलं, आणि या तलावातला प्रत्येक मासा त्या नियमाने निघाला होता. चिलखत्याला मागे ओढलं की त्याचे काटे आणखी उघडायचे, आणि हातभर जाळं फाटायचं. लोक म्हणायचे मासा वाईट. नियम वाईट असेल असं सहा वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

सुईच्या डोक्यात ते पहिल्याच वर्षी आलं. तिची हुशारी कमी नव्हती, पण खरं सांगायचं तर तिला वेळ मिळाला होता, आणि तो त्या सुरीच्या रिवाजाने दिला होता.

झालं असं. धाकट्याचं एक जाळं संध्याकाळी येऊन पडलं, त्यात एक चिलखत्या अडकलेला, कोरडाठाक. तिला वाटलं मेला आहे, सकाळी बघू. सकाळी आली तर तो फरशीवरून तिच्याकडे बघत होता. रात्रभर पाण्याबाहेर, आणि जिवंत. तिला राग यायला हवा होता, पण आधी कौतुक वाटलं. एवढं चिवट तलावावर आपणच आहोत अशी तिची समजूत होती.

तिने तो जाळ्यासकट टबात ठेवला. थोड्या वेळाने मासा वर आला, घोटभर हवा गिळली आणि परत तळाशी जाऊन बसला. म्हणजे पाणी घाण असो, नसो, हा हवा पिऊन पोटात साठवतो आणि त्यावर भागवतो. उन्हाची तिरीप पडली की त्याच्या डोळ्यातली काळी बाहुली आक्रसून घोड्याच्या नालासारखी व्हायची, सावली आली की परत गोल. सुई काम सोडून तासभर बघत बसली. मग पाण्यात हात घालून तिने त्याच्या बाजूचा काटा धरला आणि मागे दाबला. हलेना. तिने वैतागून तो उलट, पुढच्या बाजूला ढकलला. काटा केसभर आणखी पुढे गेला, तिच्या बोटांना आत कुठेतरी हाड सुटल्यासारखं जाणवलं, आणि मनगट जरासं पिळताच तो मुकाट्याने मिटून अंगाला चिकटला. दुसरा काटा तसाच मिटला. मग पाठीवरचाही ढिला पडला. मासा पुढच्या बाजूने जाळ्याच्या डोळ्यातून, विणीतल्या त्या चौकोनातून, आपसूक बाहेर आला. एक दोरा तुटला नाही.

आधी पुढे, मग पीळ, मग मागे. एवढंच होतं ते. लहान पोरालाही शिकवता आलं असतं.

आणि ती शिकवायला निघाली होती, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. हात पुसले, मासा टबात ठेवला, आणि धक्क्यावर माणसं जाळी आवरत होती तिकडे निघाली. नावेच्या आडोशाला पोचली तेव्हा धाकट्याचा आवाज आला. कुणीतरी म्हटलं असावं की या माशाचं सुईला विचारावं. धाकटा म्हणाला, "तिला काय कळतंय मासळीतलं? सुई चालवावी आणि दिलेल्या शेडात पडून राहावं." माणसं हसली.

सुई आली त्या वाटेने परत गेली. चहा ठेवला. बर्फवाल्याने विचारलं, चेहरा का असा? ती म्हणाली, चेहरा असाच आहे, तू आज नीट बघितलास.

त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. आलेले चिलखते ती दार लोटून सोडवायची आणि मागच्या बाजूने तलावात परत टाकायची. होय, परत. मारत नव्हती. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धाकट्याच्या जाळ्यात शिरत, धाकटा त्यांना आल्या वाटेने ओढे, आणि त्याचं जाळं पुन्हा तिच्या दारात. भोकं किती? वीस. मोजून घेते. चोवीस. धाकट्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगलेली दिसायची आणि सुईला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. हे वाचून कुणाला ती आवडेनाशी झाली असेल तर हरकत नाही. तिला आवडून घ्यायची सवय नव्हती.

पण मासा माणूस बघून जाळं फाडत नाही. जाळी सगळ्यांचीच फाटत होती. पैलतीरावरच्या बापलेकांकडे दोनच जाळी होती, दोन्हींची लक्तरं झाली, आणि चौथ्या वर्षी ते मासेमारी सोडून वीटभट्टीवर गेले. जाताना बाप सुईकडे आला होता. जाळी परत द्यायला नव्हे, तुम्ही आमचं काम नेहमी आधी करून दिलंत, एवढं सांगायला. सुईने त्याला चहा दिला, आणि तो घोट घोट पीत असताना तिच्या जिभेवर तीन शब्द होते, आधी पुढे ढकला. ती ते गिळून बसली. आता सांगितलं तर हा विचारील, मग काल का नाही सांगितलंत? आणि काल, परवा, तेरवा करत तो आकडा दर दिवशी वाढतच होता. सूड म्हणून लावलेलं कुलूप होतं, किल्ली तिची तिलाच सापडेनाशी झाली.

दरवर्षी पाणी उतरलं की तलावाचा काठ उघडा पडायचा आणि त्यात चिलखत्यांची बिळं दिसायची. शेकड्याने. हात आत जाईल एवढं तोंड, आत खाली उतरत गेलेलं, काही तर माणसाच्या हातापेक्षा खोल. काठ आतून पोखरून चाळण झाला होता. वर गाय उभी राहिली तरी ढेकूळ निसटायचं. बिळात मादी पिवळी अंडी घालून निघून जायची आणि नर तिथेच राखण करत बसायचा. खाणं नाही, पिणं नाही, कल्ल्यांमागच्या परांनी अंड्यांवर पाणी घालत नुसता बसून. बिळाच्या तोंडाशी काडी घातली तर काटे उभारून भिंतीत रुतवायचा. सुईला हे ठाऊक होतं, कारण ती काडी घालून बघायची. एकदा बर्फवाल्याला म्हणाली, हा बघ, आपलं ते आपलं म्हणून धरून बसलाय. बर्फवाला म्हणाला, घर दुसऱ्याचं, त्यात घुसून धरलेलं आपलं कसं? तो सहज बोलला होता. सुईने दोन दिवस त्याला चहा दिला नाही.

ते घडलं त्या वर्षी पाणी फारच खाली गेलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. सुई पाटावर होती. दारात सावली पडली, आणि वर बघते तर जाऊ. अकरा वर्षांत जी शेडाच्या आसपास फिरकली नव्हती ती, पायात चप्पल नाही, गुडघ्यापर्यंत चिखल.

"जाऊबाई, सुरी घेऊन चला," ती म्हणाली. "यांचा हात बिळात अडकलाय. जाळं मनगटाला आवळलंय. तुमच्याशिवाय कापायचं कुणी?"

हा त्यांचा रिवाज. माणूस बिळात अडकलेला, काठावरच्या माणसांकडे डझनभर सुऱ्या, आणि त्याची बायको अर्धा कोस पळत आली, कारण जाळ्याला दुसऱ्याची सुरी लागत नाही.

वाटेत जावेने धापा टाकत सांगितलं ते असं. जाळ्याची कड काठाला लागली होती, त्यात एक मोठा नर अडकला आणि जाळं घेऊनच बिळात मागे सरकला. धाकटा गुडघाभर पाण्यात उतरला, गुडघ्यावर बसला आणि जाळं सोडवायला खांद्यापर्यंत हात आत घातला. माशाने काटे उभारले. एक बिळाच्या छतात रुतला, दुसरा धाकट्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातून आरपार. दोघांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं, आला त्या वाटेने, तेव्हा तो असा ओरडला की पलीकडचे बगळे उडाले. एकाने वरून पहार घातली तर काठाचं मोठं ढेकूळ सुटून त्याच्या डोक्यावर आलं. आणखी खणलं तर सगळा काठच त्याला गाडेल. आणि रोज साडेबाराला वरच्या धरणातून वीज करून झालेलं पाणी खाली सोडतात. ते आलं की या काठाला पुरुषभर पाणी चढतं. जाऊ हे सांगताना रडत नव्हती. सुईला ते मनातून बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाशी वैर धरायला कष्ट पडतात.

सुई पाण्यात उतरली. धाकटा काठाला गाल लावून बसला होता, ओठ पांढरे. बीळ अरुंद, पण सुईचा हात बारीक. तिने तो त्याच्या हाताला घासून आत घातला. खांदा आत जाईपर्यंत तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर चार बोटांवर आलं. अकरा वर्षांत त्यांनी एकमेकांचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. धाकटा म्हातारा झाला होता. तिला ते आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

तिने चाचपून मनगटावरचा दोरा शोधला, वाकडं पातं त्याखाली घातलं आणि कापला. मग दुसरा. मग तिसरा. जाळं सुटलं. तिला जेवढ्यासाठी बोलावलं होतं तेवढं झालं.

वरून कुणी म्हणालं, सुटलं ना, ओढा आता.

सुईचा हात आतच होता. बोटांना काटा लागत होता, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसातून आरपार गेलेला. ओढलं तर काटा उघडणार आणि ते मांस फाडत हाडापर्यंत जाणार. नाही ओढलं तर पाणी चढणार. तळहाताखाली तिला अंड्यांचा घोस लागला, द्राक्षांसारखा मऊ. आणि त्या अंधारात तिला एक गोष्ट लख्ख दिसली. हात बाहेर काढून घ्यावा. सुरी पुसावी. मी दोरा कापला, पुढचं तुमचं तुम्ही बघा, म्हणावं. कुणी एक शब्द बोललं नसतं. मासळीतलं तिला काय कळतं? आणि काटा सोडवला, तर वर उभी असलेली माणसं बघणार होती, की हिला हे येतं. आज शिकल्यासारखं नव्हे, सवयीने येतं. मग वीटभट्टीवरच्या बापलेकांपर्यंत सगळा हिशेब तिच्या दारात येणार होता. शेडही जाणार होतं.

तिने असा विचार केला. किती वेळ केला ते सांगता येणार नाही, पण एका लाटेने धाकट्याच्या सदऱ्याचं एक बटण ओलं केलं तेवढा.

"कुणी ओढू नका," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "भाऊजी, आता आणखी दुखेल. काटा आधी पुढे ढकलावा लागतो."

"वहिनी," धाकटा दातओठ खात म्हणाला, "सूड घ्यायला आजचाच दिवस सापडला तुम्हाला?"

तिने काटा धरला आणि पुढे ढकलला, त्याच्या मांसात आणखी आत. धाकटा ओरडला. वर जावेने कुणाचा तरी दंड घट्ट धरला. सुईच्या बोटांना हाड सुटल्याची ओळखीची खूण लागली, तिने मनगट पिळलं, आणि काटा मिटला. "आता," ती म्हणाली, "हळू." हात बाहेर आला, रक्ताने भरलेला, आणि त्याला पाच-सहा पिवळी अंडी चिकटलेली. मासा बाहेर आला नाही. वाट मोकळी होती, तरी आपल्या जागी बसून राहिला.

धाकट्याला काठावर ओढून घेतलं, जावेने पदर फाडून हात बांधला. अर्ध्या तासात पाणी चढलं आणि बीळ दिसेनासं झालं. सगळे ते पाणी बघत उभे होते, आणि सगळे एकच गोष्ट मनात घोळवत होते. बोलला तो सुईच्या मागोमाग धावत आलेला बर्फवाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"सुईबाई, हे तुम्हाला कधीपासून येतं?"

खोटं बोलायला वाव होता. आत्ताच सुचलं म्हणाली असती तर लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. पण ती टोचायची, फसवायची नाही. निदान विचारल्यावर तरी नाही.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात एकही जाळं पडलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. माणसांनी बघून युक्ती उचलली होती. धक्क्यावर चिलखते आता पटापट सुटत होते, आधी पुढे, मग पीळ, मग मागे, आणि तिच्या कानांवर ते शब्द पडतील इतक्या मोठ्याने. बर्फवाल्याने आपली पेटी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. वीटभट्टीवरून तो बाप एके सकाळी आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. तिने चहाचं विचारलं. तो म्हणाला, तुमच्या हातचा नको, आणि गेला. एवढ्यासाठी तो एका दिवसाची मजुरी बुडवून आला होता. सुईने त्या दिवशी रिकाम्या खुंट्यांवर जुनं जाळं ताणलं, स्वतःच चार दोरे तोडले आणि पुन्हा सांधले. हातांना काहीतरी हवं होतं. सोसायटीची माणसं शेडाची किल्ली मागायला कधी येतात त्याची ती वाट बघत होती, आणि आली तर काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. काहीच नाही, असं ठरवलं होतं.

अठराव्या दिवशी धाकटा आला. नेहमी उंबऱ्याबाहेरून जाळं टाकणारा माणूस, तो आत आला. उजव्या हाताला जाड पट्टी, डाव्या खांद्यावर जाळं. बसायला काही नव्हतं, टब उलटा घालून त्यावर बसला. सुई पाटावरून उठली नाही.

अंगठा वाचलाय पण वाकत नाही, डॉक्टर म्हणतो वाकेलसं वाटत नाही, एवढं त्याने भिंतीला सांगितलं. मग तिच्याकडे वळला.

"एकच विचारायचंय, वहिनी. काटा पुढे ढकललात. तेवढा ढकलायला लागतोच?"

"लागतो," सुई म्हणाली. "केसभर."

"तुम्ही केसभरच ढकललात?"

सुईने हातातली सुई खाली ठेवली. बाहेर कुणीतरी चिलखत्या सोडवत होतं, तो फटकन पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"नाही," ती म्हणाली. "जास्त ढकलला."

"किती जास्त?"

"अर्ध्या नावेएवढा."

त्याच्या कपाळावरची ती शीर तट्ट फुगली, तिने ती ओळखीने बघितली, आणि पहिल्यांदाच तिला त्यात काही गोड वाटलं नाही. तो उठेल, टब लाथाडेल, जाळं घेऊन जाईल, असं तिला वाटलं. तो उठला खरा. पण जाळं खांद्यावरून काढून त्याने दोन खुंट्यांवर टाकलं, एका हाताने, वेडंवाकडं. सोसायटीत कालच विषय निघाला होता, शेड कुणाला द्यायचं, आणि मी म्हटलं सांधणारी दुसरी आहे कुठे, हेही त्याने दाराकडे जाता जाता सांगितलं. उपकार केल्याच्या सुरात सांगितलं, ते तिला झोंबलं.

उंबऱ्यावर तो थांबला.

"भोकं सतरा," तो म्हणाला.

"मोजून घेते," सुई म्हणाली.

तो गेला. तिने जाळं नीट ताणून घेतलं आणि एका कडेने मोजायला लागली. मग उलट्या कडेने पुन्हा मोजली. सतराच होती.